वर्गासाठी तंत्रसाधनांची निवड : एका मराठी शाळेच्या खरेदी समितीच्या प्रकल्प नोंदी, नागपूर

२ डिसेंबर २०२४, सोमवार

माजी विद्यार्थ्यांनी दिलेले सहा लाख रुपये शाळेच्या खात्यात जमा झाले असून ते वर्गातील तंत्रसाधनांसाठीच वापरावेत, अशी त्यांची अट आहे. मुख्याध्यापिका बाईंनी पाच जणांची खरेदी समिती नेमली आणि नोंदी ठेवण्याचे काम माझ्याकडे दिले. शाळा पूर्व नागपुरातली, मराठी माध्यमाची, पाचवी ते दहावीची आहे. वर्गात साधारण चाळीस मुले असतात.

आजच्या पहिल्याच बैठकीत चर्चा थेट ‘पॅनेल (स्पर्शाने चालणारे मोठे डिजिटल फळे) किती घ्यायची’ या प्रश्नावर गेली. काही शाळांमध्ये भिंतीवर मोठा पडदा लागलेला पालक पाहून येतात आणि प्रवेशाच्या वेळी त्याची चौकशी करतात, हे खरे आहे. परंतु पालकांना दाखवण्याची वस्तू आणि शिकवायला लागणारी वस्तू एकच असेल, असे गृहीत धरायला माझे मन तयार होईना. म्हणून मी एक विनंती केली आणि ती मान्य झाली. प्रत्येक शिक्षकाने एका कागदावर असा एकच पाठ लिहून द्यावा, जिथे दरवर्षी निम्मा वर्ग अडखळतो, आणि तो का अडखळतो हेही दोन वाक्यांत लिहावे. त्या कागदावर कोणत्याही यंत्राचे नाव लिहायचे नाही.

९ डिसेंबर २०२४, सोमवार

एकोणीसपैकी चौदा कागद आले. डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी चार शिक्षकांनी लिहिल्या आहेत : पेशीचे विभाजन, चंद्राच्या कला, विद्युतधारा, समोच्चरेषा. तिघांनी सराव कमी पडतो असे म्हटले आहे. पाचवीच्या बाईंचा कागद वेगळाच आहे; त्यांच्या वर्गातील काही मुले अजून अक्षर-अक्षर जोडून वाचतात, त्यामुळे गणिताचे शाब्दिक उदाहरण गणितापर्यंत पोहोचतच नाही. उरलेल्या सहा जणांनी शब्द बदलून एकच गोष्ट मांडली आहे : ‘कळले का?’ असे विचारल्यावर सगळा वर्ग ‘हो’ म्हणतो आणि कोणाला कळले नाही ते घटक चाचणीचे पेपर तपासताना समजते, तोवर पुढचे दोन पाठ होऊन गेलेले असतात.

आमच्याकडे आतापर्यंत आलेल्या सात माहितीपत्रकांत या सहा जणांच्या अडचणीचा उल्लेखही नाही. सगळी माहितीपत्रके ‘दिसण्या’विषयी बोलतात.

१२ डिसेंबर २०२४, गुरुवार

आज शाळा सुटल्यावर शिपाई काकांना सोबत घेऊन टेपने खोल्या मोजल्या. बहुतेक खोल्या २४ फूट लांब आणि २० फूट रुंद आहेत. फळा आखूड भिंतीवर आहे आणि शेवटच्या बाकावरच्या मुलाचे डोके त्या भिंतीपासून २१ फुटांवर, म्हणजे सुमारे ६.४ मीटरवर येते.

दृश्यफलक निवडताना वापरला जाणारा एक साधा ठोकताळा आहे : ज्यावरचा मजकूर वाचायचा आहे, त्या पडद्याच्या उंचीच्या सहापटीपेक्षा लांब कोणी बसू नये. पॅनेलचा आकार कर्णात सांगतात, त्यामुळे ‘७५ इंच’ ऐकून पडदा भिंतभर असेल असे वाटते. पण १६:९ या प्रमाणात ७५ इंची पडद्याची उंची जेमतेम ९३ सेंटिमीटर भरते. त्याची सहापट होते ५.६ मीटर. म्हणजे शेवटच्या दोन ओळी बाहेरच राहतात. ६५ इंचीची उंची ८१ सेंटिमीटर असल्याने त्याची मर्यादा ४.८५ मीटरवर संपते; तो पडदा आमच्या खोलीत अर्ध्या वर्गापुरताच आहे. ८६ इंची पडदा १०७ सेंटिमीटर उंच असतो आणि त्याची मर्यादा नेमकी ६.४ मीटरवर येते, पण दोन पॅनेलच्या पैशात तो एकच येईल. माहितीपत्रकांतील छायाचित्रांत दहा-बारा मुले पडद्याजवळ अर्धवर्तुळात बसलेली दिसतात, याचा अर्थ आज लागला.

खोल्या मोजताना तळमजल्यावर जिन्यालगतच्या दोन खोल्यांनी लक्ष वेधले. त्यांच्या एका लांब भिंतीपलीकडे जिना आणि भांडारखोली असल्याने त्या भिंतीला खिडकी नाही. बाके फिरवून वर्ग आडवा केला आणि पॅनेल त्या लांब भिंतीवर टांगले, तर सर्वांत मागचे मूल १७ फुटांवर, म्हणजे ५.२ मीटरवर येते आणि ७५ इंची पुरते. कडेच्या मुलांना पडदा तिरका दिसेल, म्हणून बाके किंचित कमानीत लावावी लागतील. शिपाई काकांनी लगेच सहा बाके फिरवून दाखवली. बाकांना आजवर फळ्याची दिशा सोडून दुसरी दिशा माहीत नव्हती.

१८ डिसेंबर २०२४, बुधवार

प्रात्यक्षिक होऊ शकले नाही. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन सुरू आहे, मोर्चांमुळे झिरो माइल आणि बर्डीकडचे रस्ते वळवले आहेत. विक्रेत्याची गाडी पॅनेलसह दोन तास अडकून परत गेली.

२० डिसेंबर २०२४, शुक्रवार

आज दोन विक्रेत्यांची प्रात्यक्षिके झाली. दोघांनीही सुरुवात फिरत्या हृदयाच्या त्रिमितीय चित्राने केली आणि दोन्ही वेळा शिक्षकांच्या खोलीत कौतुकाचा आवाज झाला. त्यानंतर आम्ही आमच्या चाचण्या घेतल्या.

पहिली चाचणी मराठीची होती. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे शब्द टंकायला सांगितले. एका पॅनेलवर ‘ऱ्या’ नीट आला. दुसऱ्यावर ‘र’, हलन्ताची खूण आणि ‘या’ असे सुटे तुकडे पडले. दोन्हीकडे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे होते. युनिकोड या संगणकीय अक्षरसंकेतांच्या पद्धतीत या अक्षरांचा संकेतांक मराठी-हिंदीत एकच असतो आणि वळण टंकावर (फॉन्टवर) अवलंबून असते, त्यामुळे मराठी वळणाचा टंक भरून घेतला की हा दोष निघतो. पण तो बाहेरचा टंक पॅनेलच्या मूळ फलक-अ‍ॅपमध्ये घालता येतो का, याचे उत्तर दोघांपैकी एकालाच देता आले. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने वर्णमाला प्रमाणित केली आहे आणि आमची मुले पाठ्यपुस्तकात तीच वळणे पाहतात. पाचवीत अडखळत वाचणाऱ्या मुलासमोर पुस्तकात एक ‘श’ आणि पडद्यावर दुसरा ‘श’ असणे ही क्षुल्लक बाब नाही.

हस्ताक्षर ओळखण्याची सोय दाखवताना मी पेनने ‘फळ’ लिहिले. यंत्राने ‘फ’ ओळखला आणि ‘ळ’च्या जागी गणितातले अनंताचे चिन्ह काढले. गणिताचे सर फार खूश झाले. ध्वनिवाचनात ‘३९’ हा आकडा ‘उनतालीस’ असा उच्चारला गेला; ‘एकोणचाळीस’ म्हणायला लावणारी मराठी वाणी त्या अ‍ॅपमध्ये नव्हतीच.

दुसरी चाचणी शेवटच्या बाकाची होती. पॅनेल नेहमीच्या फळ्याच्या जागी उभे करून आठवीतल्या चार मुलांना मागे बसवले आणि पडद्यावर नेहमीच्या आकारात ओळी दाखवल्या. ‘द्ध’ आणि ‘द्व’ यांत दोघांची गल्लत झाली. एक मुलगी स्पष्टच म्हणाली, “मॅडम, मोठं मोठं दिसते, बारीक काहीच दिसून नाही राहिलं.” देवनागरीत अर्थ बारीक जागीच राहतो, मात्रा, रफार, उकार हे सगळे त्या ‘बारीक’मध्ये येतात.

तिसरी चाचणी आम्ही ठरवली नव्हती, ती सूर्याने घेतली. साडेतीनच्या सुमारास पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट पॅनेलच्या चौकटीवर आले आणि कोणी हात न लावता पडद्यावर रेघा उमटू लागल्या. या पॅनेलच्या चौकटीत चारही बाजूंनी अवरक्त किरणांचे दिवे आणि संवेदक बसवलेले असतात; बोटाने किरण अडले की तिथे स्पर्श झाला असे यंत्र मानते. थेट ऊन त्या संवेदकांना चकवते आणि खडूची धूळ चौकटीत साचली तरी तसाच घोटाळा होतो. विक्रेत्याच्या माणसाने तत्परतेने खिडकी लावली. जिन्यालगतच्या खोल्यांच्या बाजूने हा आणखी एक मुद्दा नोंदवून ठेवला.

८ जानेवारी २०२५, बुधवार

पॅनेलसोबत मिळणाऱ्या पाठ-सामग्रीविषयी आज बराच वेळ गेला. तिन्ही प्रस्तावांत पहिले वर्ष मोफत आहे आणि दुसऱ्या वर्षापासून प्रत्येक विद्यार्थ्यामागे वार्षिक शुल्क आहे. शुल्क थांबले तर पाठ बंद होतात. मग वर्गात उरतो तो मोठा दूरचित्रवाणी संच. देणगी एकदाच मिळालेली असल्याने दरवर्षीचा खर्च अंगावर घेणारी कोणतीही गोष्ट आम्ही घेऊ शकत नाही, असे मी मांडले आणि लेखापाल सदस्यांनी त्याला दुजोरा दिला.

याच बैठकीत ‘या सामग्रीने मुले शिकतात याचा पुरावा काय’ असे विचारल्यावर विक्रेत्यांनी समाधानी शाळांची यादी दिली. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालाचा विषय तंत्रज्ञान हाच होता. त्यात अमेरिकेतील १७ राज्यांतल्या पाहणीचा उल्लेख आहे : साधन स्वीकारण्यापूर्वी तज्ज्ञांनी तपासलेला पुरावा मागणारे शिक्षक आणि प्रशासक केवळ ११ टक्के होते. आम्ही मागितला, मिळाला नाही, एवढाच फरक.

पुरावा मुळात नाहीच असेही नाही. दिल्लीत सहावी ते नववीच्या मुलांना शाळा सुटल्यावर प्रत्येकाच्या पातळीनुसार संगणकावर गणित आणि हिंदी शिकवण्याचा एक प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये आले. साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण विचलनाची (गुण किती विखुरलेले आहेत त्या मापाची) वाढ दिसली, जी अशा प्रयोगांत मोठीच मानली जाते. पण तिथे मुले आठवड्याचे सहा दिवस रोज दीड तास बसत होती. त्यातला निम्मा वेळ संगणकापुढे आणि निम्मा वेळ लहान गटात साहाय्यकासोबत जात होता. ती वाढ सॉफ्टवेअरच्या नावावर जमा करून चाळीस मिनिटांच्या, चाळीस मुलांच्या तासिकेत तिची अपेक्षा धरणे म्हणजे शेजारच्या विहिरीवर मोटार बसली म्हणून आपल्या शेतात पाणी येईल असे समजणे होय.

याची दुसरी बाजूही आहे आणि तिचा धागा आपल्याच राज्यापर्यंत येतो. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैरात या वस्तीतल्या शाळेत ‘प्रत्येक मुलाला लॅपटॉप’ या जागतिक मोहिमेचा भारतातील पहिला प्रयोग झाला होता. त्याच मोहिमेत पेरू देशाने लाखो लॅपटॉप वाटले आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गणित आणि भाषेच्या गुणांवर त्यांचा परिणाम आढळला नाही.

२० जानेवारी २०२५, सोमवार

एका अ‍ॅपच्या नोंदणी अर्जात विद्यार्थ्याचे पूर्ण नाव, जन्मतारीख, छायाचित्र आणि पालकांचा भ्रमणध्वनी क्रमांक हे सारे सक्तीचे होते. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा (डेटा) संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक ठरते, तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते आणि बालकांच्या वर्तनावर पाळत ठेवणे किंवा त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे निषिद्ध आहे. नियमांचा मसुदा याच महिन्यात, ३ जानेवारीला, हरकतींसाठी प्रसिद्ध झाला आहे. नियम अंतिम होण्याची वाट न पाहता समितीने ठरवले की, ज्या साधनात हजेरी क्रमांकावर काम भागत नाही ते साधन यादीतून वगळायचे. दोन नावे गळली.

२८ जानेवारी २०२५, मंगळवार

सहा शिक्षकांच्या ‘कळले का’ या अडचणीवर आज सहावी ‘ब’मध्ये प्रयोग केला. प्लिकर्स नावाची एक पद्धत आहे. तिच्यात प्रत्येक मुलाला काळ्या-पांढऱ्या चौकटींचे वेगवेगळे चित्र असलेले एक कार्ड मिळते. कार्डाच्या चार कडांवर चार पर्यायांची अक्षरे बारीक छापलेली असतात; मुलाने आपले उत्तर वरच्या बाजूला येईल असे कार्ड धरायचे. शिक्षकाने फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की प्रत्येक क्रमांकाचे उत्तर फोनवर जमा होते. मुलांकडे कोणतेही यंत्र लागत नाही, आणि प्रत्येकाचे चित्र वेगळे असल्याने शेजाऱ्याचे पाहून कार्ड फिरवता येत नाही. नावांच्या जागी आम्ही हजेरी क्रमांकच भरले.

पहिल्या सत्रात शिकवून झालेल्या दशांश अपूर्णांकांवर मी प्रश्न विचारला : ०.३५ आणि ०.४ यांतील मोठी संख्या कोणती? आधी सवयीने तोंडी विचारले, ‘सोपे आहे ना?’ वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणाला. मग कार्डे वर झाली. एक्केचाळीस हजर मुलांपैकी तेवीस जणांनी ०.३५ ला मोठे ठरवले होते. पस्तीस चारपेक्षा मोठे, एवढाच त्यांचा हिशोब होता. त्या तेविसांत वर्गात नेहमी हात वर करणारी तीन मुले होती आणि हा पाठ मीच शिकवलेला होता.

उत्तर न सांगता मुलांना शेजाऱ्याशी दोन मिनिटे वाद घालायला सांगितले. हार्वर्डमधील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मॅझुर यांनी १९९१ पासून रूढ केलेली ही पद्धत असून, वर्गातील उत्तरे अर्धी बरोबर अर्धी चूक अशी विभागलेली असतात तेव्हा ती विशेष उपयोगी पडते. खिडकीजवळच्या एका मुलाने शेजाऱ्याला समजावले ते मी कानांनी ऐकले : “चाळीस पैसे आणि पस्तीस पैसे. शून्य लिहिलं नाही म्हणून चार पैसे होते का?” दुसऱ्यांदा कार्डे वर झाली तेव्हा चुकलेले नऊ उरले. त्या नऊ क्रमांकांची यादी माझ्या हातात होती, आणि तास संपायला अजून पंधरा मिनिटे होती.

अडचणीही लिहून ठेवते. कार्डे टिकावीत म्हणून मी उत्साहाने प्लॅस्टिकचे आवरण चढवले होते. ट्यूबलाइटचा प्रकाश त्यावर चमकला की कॅमेऱ्याला चित्र वाचता येईना. पुढची कार्डे जाड, चमक नसलेल्या कागदावर छापावीत. शिवाय प्रश्न चांगला नसेल तर ही पद्धत निरर्थक ठरते. मी केलेल्या पाच प्रश्नांपैकी दोनच कामाचे निघाले.

५ फेब्रुवारी २०२५, बुधवार

वीजतंत्री दादांना बोलावून तळमजल्याची तपासणी करून घेतली. न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यातील दाब दोन-तीन व्होल्टच्या आत असावा, तो चौदा निघाला. “ताई, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकून किती वर्षं झाले?” असे त्यांनी विचारले तेव्हा कोणाला उत्तर देता आले नाही. खड्डा कुठे आहे हेच शोधावे लागले. तो सायकल स्टँडच्या फरशीखाली निघाला. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि खड्डा कोरडा पडला की अर्थिंग नावापुरते राहते. अशा जोडणीवर पॅनेल लावले असते तर पहिल्या विजांच्या पावसात त्याचे काय झाले असते, याचा अंदाज त्यांनी आपल्या अनुभवातल्या तीन उदाहरणांसह दिला. नवा खड्डा, दोन खोल्यांसाठी वेगळी वाहिनी आणि एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारी कळ) यांचे अंदाजपत्रक बासष्ट हजारांचे आहे. समितीत कुरकुर झाली, कारण बासष्ट हजारांत दिसण्यासारखे काही येत नाही.

वीज गेल्यावरचा हिशोबही मांडला. प्रात्यक्षिकाच्या वेळी लावलेल्या मीटरवर ७५ इंची पॅनेलने साधारण १९० वॉट घेतले होते. दोन पॅनेल आणि सोबतची लहान उपकरणे मिळून ४०० वॉट धरले. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्यांत ३,६०० वॉट-तास साठतात. त्यातले सत्तर टक्के वापरायचे ठरवले तरी सहा तास निघतात. इन्व्हर्टरमधील घट आणि बॅटरीचे वय लक्षात घेऊन आम्ही चारच तास मोजले. एका सत्राला तेवढे पुरेत.

२० फेब्रुवारी २०२५, गुरुवार

उद्यापासून दहावीची परीक्षा आहे आणि शाळा परीक्षा केंद्र असल्याने महिनाभर खोल्या मिळणार नाहीत. तोवर संगणक कक्ष पाहिला. बारा संगणक असून सगळ्यांवर विंडोज १० आहे, ज्याला कंपनीकडून मिळणारी सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपतात, आणि विंडोज ११ साठी ही यंत्रे अपुरी आहेत. नवे संगणक घेण्याऐवजी जुन्या हार्ड डिस्क काढून एसएसडी (वेगवान साठवण) बसवावेत आणि लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली घालावी, असे मी सुचवले. केरळमधील शाळा अनेक वर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर चालत आहेत, हे उदाहरण उपयोगी पडले.

२६ मार्च २०२५, बुधवार

संगणक कक्षातील एका यंत्रावर कोलिब्री बसवले. हे मुक्त सॉफ्टवेअर इंटरनेट नसताना शाळेच्या आतल्या आत वायफायवर पाठ आणि सराव पुरवते. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पाची सादृश्ये (सिम्युलेशन्स) वेगळी उतरवून ठेवली. त्यांतील अनेक मराठीत आहेत आणि एकदा उतरवली की इंटरनेटशिवाय चालतात. विद्युत परिपथाच्या सादृश्यात तार जोडली की इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात. ‘विद्युतधारा दिसत नाही’ असा कागद देणाऱ्या विज्ञानाच्या सरांनी ते पाहिले आणि तासभर कोणाला यंत्राजवळ येऊ दिले नाही. यासाठी एक रुपयाही शुल्क नाही. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड आणि २०१७ पासून सुरू असलेले दीक्षा हे शासनाचे ऑनलाइन शिक्षण व्यासपीठही विनामूल्यच आहे. ते आम्ही फारसे वापरले नव्हते हे मान्य करावे लागेल.

पाचवीच्या बाई दुपारच्या सुटीत पाच मुलांना शाळेच्या फोनवर गुगलच्या ‘रीड अलाँग’ अ‍ॅपवर मराठी गोष्टी मोठ्याने वाचायला लावत आहेत. मूल अडले की अ‍ॅप शब्द उच्चारून दाखवते. बाईंचे निरीक्षण असे की, वर्गात वाचताना लाजणारे मूल फोनपुढे लाजत नाही. मात्र बाहेर गोंगाट असला की बरोबर वाचलेलेही अ‍ॅप चूक ठरवते आणि मग मूल रुसते.

१६ एप्रिल २०२५, बुधवार

वार्षिक परीक्षा सकाळच्या सत्रात सुरू आहेत. पेपर सुटल्यावर बारा वाजता तापमान मोजले. तिन्ही पॅनेलच्या तांत्रिक पत्रकांत वापराची मर्यादा ० ते ४० अंश सेल्सिअस अशी आहे. मुंबई-पुण्याच्या शाळेला ही ओळ वाचण्याची गरज नसेल. मागच्या मे महिन्यात शहरातील एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंशांची नोंद होऊन गाजावाजा झाला होता आणि ती संवेदकाच्या बिघाडामुळे आल्याचे नंतर हवामान खात्याने सांगितले होते; ते आठवून मी प्रयोगशाळेतील दोन तापमापके नेली. गच्चीखालच्या दुसऱ्या मजल्यावर दोन्हींनी ४१ दाखवले, तर तळमजल्यावर जिन्यालगत ३६. दुसऱ्या मजल्यावरील खोल्यांचा विचार यानंतर कोणी काढला नाही.

२८ एप्रिल २०२५, सोमवार

सीलबंद दरपत्रके उघडून तुलनात्मक तक्ता केला आणि निर्णय झाला. आठ खोल्यांच्या इच्छेतून दोन पॅनेल उरली आहेत, ७५ इंची, प्रत्येकी एक लाख अडतीस हजारांना, तीन वर्षांच्या जागेवरील दुरुस्तीसह. सर्वांत कमी दराचे दरपत्रक आम्ही घेतले नाही. त्या पॅनेलवर बाहेरचा मराठी टंक घालता येत नव्हता आणि सुटा ‘ऱ्या’ दिसत होता, हे कारण तक्त्यात स्पष्ट लिहिले. पाठ-सामग्रीचे शुल्क कोणाचेही स्वीकारले नाही. प्रत्येक पॅनेलला एक व्हिज्युअलायझर जोडणार आहोत. साडेआठ हजारांचा हा वरून पाहणारा कॅमेरा भूमितीच्या तासाला कंपास कसा धरायचा ते दाखवतो आणि मुलाची वही आहे तशी पडद्यावर नेतो. माझ्या मते संपूर्ण यादीत दिलेल्या पैशाला सर्वाधिक जागणारी यंत्रवस्तू हीच आहे. वीजकाम, इन्व्हर्टर, संगणकांचे एसएसडी, कोलिब्रीचे यंत्र आणि राउटर, एक फोन, खिडक्यांच्या पडद्यांचे कापड, पॅनेलभोवतीची लाकडी कपाटे हे सारे धरून एकूण पाच लाख तीन हजार आठशे झाले. यातला कार्डांच्या छपाईचा खर्च अठराशे रुपये आहे, पूर्ण शाळेसाठी.

उरलेले शहाण्णव हजार दोनशे रुपये हमीची मुदत संपल्यावरच्या दुरुस्तीसाठी राखून ठेवले. ‘पैसे आहेत तर तिसरे पॅनेल का नाही’ हा प्रश्न दोन सदस्यांनी शेवटपर्यंत लावून धरला आणि त्यांची भिन्न मते इतिवृत्तात नोंदवली आहेत. माझ्याकडे त्यांना दाखवायला तिसरी बिनखिडकीची भिंत नव्हती.

२४ जून २०२५, मंगळवार

काल शाळा उघडली. सुटीत वीजकाम पूर्ण झाले. न्यूट्रल-अर्थ दाब आता दीड व्होल्ट आहे. गांधीबागेतून आणलेल्या जाड कापडाचे पडदे लागले, पॅनेल बसली, दोन्ही वर्ग आडवे झाले. जुन्या भिंतीवरचा फळा तसाच ठेवला आहे. दहावीच्या मुलांनी आत येताच विचारले की, आता समोर म्हणजे कुठे बघायचे?

२८ जून २०२५, शनिवार

प्रत्येक पॅनेलजवळ एक वही टांगली आहे, तिच्यात वापरणाऱ्याने तारीख, तासिका, कशासाठी आणि किती मिनिटे एवढेच लिहायचे. पहिल्या पाच दिवसांत खोली क्रमांक दोनमध्ये अकरा नोंदी झाल्या, त्यातल्या सात व्हिज्युअलायझरच्या आहेत. खोली क्रमांक तीनमध्ये एकच नोंद आहे. मला आधी वाटले की त्या खोलीतले शिक्षक नाखूश असावेत. विचारल्यावर कळले की, त्या कपाटाची किल्ली कार्यालयातील तिजोरीत असते आणि लिपिक सर साडेअकराला येतात, तर सकाळच्या तासिका साडेसातला सुरू होतात. दुसरी किल्ली करून शिपाई काकांच्या जुडग्यात घातली. चाळीस रुपये लागले, पावती फाइलला जोडली आहे.